आडव्या माणसाचं तोंड

मी डॉक्टर नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोणावळ्यात लोक मला जन्मभर डॉक्टर म्हणत आले आणि मीही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. पुण्यात एका वयस्कर दंतवैद्याच्या हाताखाली चार वर्षं उमेदवारी केली. दात काढायला, भरायला, कवळ्या बनवायला त्यांच्याकडेच शिकलो आणि मग लोणावळ्याच्या बाजारपेठेत एका किराणा दुकानावरच्या खोलीत पाटी लावली. त्या काळी पदवीवाचून हा धंदा करता येत असे.

गिऱ्हाइकं दोन प्रकारची. एक, हवापालटाला आलेली बंगलेवाली मंडळी. त्यांचा दात दुखायला लागला की त्यांना मुंबईची आठवण यायची आणि मुंबई लांब म्हणून माझा जिना चढायला लागायचा. दुसरी, मावळातली माणसं. ती लवंग, तंबाखूची चिमूट आणि देवऋषी असं सगळं करून, गाल भोपळ्यासारखा सुजल्यावर येत. वराळ्याचा एक म्हातारा माझी खुर्ची बघून म्हणाला, ही सायबानं बसायची जागा, मी न्हाई बसणार. त्याची दाढ मी जमिनीवर मांडी घालून काढली. एका शेठजींनी काढलेला दात रुमालात बांधून नेला, घरच्यांना खरं वाटावं म्हणून. हे किस्से मी लग्नाकार्यांतून पुष्कळ सांगितले आहेत. आज लिहायचं आहे ते माझा जिना चढू न शकलेल्या माणसांविषयी. त्यांच्याबद्दल मी आजवर फारसं बोललो नाही.

पाठीचा कणा किंवा मान मोडलेली माणसं आमच्या भागात पुष्कळ. घाट, कडे, झाडं, कौलारू छपरं. माणूस पडायला जागा खूप. मणक्यातली शीर चेपली की तिच्या खालचं अंग जातं. हलतही नाही आणि त्याला लागलेलं कळतही नाही. कंबरेत मोडलं तर पाय जातात. मानेत मोडलं तर हातही जातात. असं माणूस घरात पडलं की घरचे त्याची पाठ बघतात, लघवी बघतात, जखमा बघतात. तोंड कुणी बघत नाही, कारण तोंड तर चांगलं असतं, बोलतं, खातं. पण तोंडाची सगळी काळजी हात घेत असतात, हे हात गेल्याशिवाय ध्यानात येत नाही. राखुंडी लावायची ती बोटानं, चूळ भरायला तांब्या उचलायचा तो हातानं, दाढेत अडकलेलं कोरायचं तेही हातानंच. शिवाय आडव्या माणसाला थुंकता येत नाही. घास गालात राहतो, तिथंच आंबतो. सहा महिन्यांत चांगल्या दातांची वाट लागते.

हे मला आज इतकं नीट सांगता येतं. रखमाजी सुतारांकडे गेलो तेव्हा यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून चारेक वर्षं होती. लोणावळ्यात पावसाळ्याच्या तोंडावर बंगल्यांची कौलं चाळायचं काम निघतं. रखमाजी त्या कामात पटाईत. चाळिशीचा, काटक माणूस. माझ्या दवाखान्याचं दारही त्यानंच बसवलेलं. त्या वैशाखात एका बंगल्याच्या छपरावरून वासा मोडून तो खाली आला, तो मानेवर. जीव वाचला, पण मानेखालचं सगळं गेलं. तीन महिन्यांनी त्याची बायको गंगूबाई माझ्याकडे आली. दाढ ठणकते म्हणून नवरा जेवत नाही, येऊन काढाल का, एवढंच म्हणाली.

मी पिशवी घेऊन गेलो. रखमाजी खाटेवर उताणा होता. मला बघून हसला. तुमचं दार कुरकुरतं का, असं त्यानं विचारलं. मी तोंड उघडून बघितलं. खालची दाढ पार किडलेली. बधिर करायची सुई दिली आणि तो जसा होता तसाच, उताणा ठेवून दाढ काढायला घेतली. दाढ मोडली. मुळं राहिली, ती खणून काढायला लागली. रक्त बरंच आलं. मी सवयीनं म्हणालो, थुंका. त्यानं माझ्याकडे नुसतं बघितलं. घशातून घरघर यायला लागली. तो खोकायचा प्रयत्न करत होता, पण आवाज निघत होता तो लहान मुलाच्या उसाशाएवढा. मी मान वळवली, फडक्यानं तोंड कोरडं केलं, कापसाचा बोळा दाबला. थोड्या वेळानं श्वास शांत झाला. मुळं सगळी निघाली याचं मला समाधान वाटलं, हे मी लपवत नाही.

तिसऱ्या दिवशी त्याला ताप चढला. छातीत खरखर सुरू झाली. आठव्या दिवशी रखमाजी गेला. वस्तीतली माणसं म्हणाली, सुटला बिचारा. मीही तेच म्हणालो. पण त्याची ती नजर काही माझी पाठ सोडेना. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे गेलो आणि घडलं तसं सगळं सांगितलं. ते भले गृहस्थ होते, पण शब्द गोड करून सांगायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी माझा हात माझ्याच पोटावर ठेवायला लावला आणि म्हणाले, "खोका." मी खोकलो. पोट हाताखाली दगडासारखं आवळलं. "माणूस खोकतो तो पोटानं. त्याचं पोट मेलेलं होतं. तुम्ही रक्त छातीत जाऊ दिलंत आणि ते बाहेर काढायला त्याच्याजवळ काही नव्हतं."

मी विचारलं, मग काय करायला हवं होतं? ते म्हणाले, कुशीवर वळवायचं, तोंड खाली करायचं आणि खोकताना कुणीतरी बरगड्यांखाली हाताचा दाब द्यायचा. एवढंच. शिकायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

पंधरा दिवस मी गंगूबाईंच्या घरावरून जायचं टाळलं. मग एका दुपारी गेलो. त्या दारात तांदूळ निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं की रखमाजी दाढेपायी गेला, आणि ती मी चुकीच्या तऱ्हेनं काढली होती. त्या बराच वेळ खडे बाजूला काढत राहिल्या.

"तवा तुमाला ठावं न्हवतं?"

"नाही."

"आन आता ठावं झालंय?"

"हो."

"मंग ध्यानात ठिवा," त्या म्हणाल्या आणि सूप उचलून आत गेल्या. क्षमा केली की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही पुन्हा कधी विचारलं नाही.

दीड-एक वर्षानं गंगूबाई माझा जिना चढून वर आल्या. आता वाटतं, ती पायरी त्यांना किती जड गेली असेल. त्यांचं माहेर तिकोणा पेठ. तिथं भावकीतली एक सून, यमुना, पेंढ्याच्या उडवीवरून मागच्या मागं पडली होती. मान मोडलेली, हातपाय गेलेले. तोंड सुजलंय, डोळ्यापर्यंत सूज आलीय, आणि माणसं तिला तळेगावच्या एका दात काढणाऱ्याकडे गाडीत घालून न्यायचं म्हणतात. गंगूबाई म्हणाल्या, "तो उताणं पाडूनच काडंल. तुमाला ठावं हाय. तुमी चला."

दुसऱ्या दिवशी आम्ही कामशेतला आगगाडीतून उतरलो आणि पुढे बैलगाडीनं पवनेच्या काठाकाठानं गेलो. पेठेत पोचायला उन्हं कलली. घर तिकोणा गडाच्या पायथ्याला. यमुनाचा नवरा बाळू आणि सासू सोनामावशी दारातच उभी होती. सोनामावशी साठीच्या पुढची, वाकलेली, पण हात मात्र पुरुषासारखे. दर दोन-तीन तासांनी सुनेला कुशीवर वळवायचं काम ती आणि बाळू आळीपाळीनं करत. यमुनाला पडून वर्ष होऊन गेलं होतं आणि तिच्या पाठीवर एकच लहानशी जखम होती. हे किती अवघड आहे, ते ज्यांनी असं माणूस सांभाळलंय त्यांनाच कळेल.

यमुना बावीस-तेवीस वर्षांची. तिच्या उशाशी पाळणा टांगलेला आणि त्यात दीड वर्षाची चांगुणा झोपलेली. पाळण्याची दोरी यमुनाच्या तोंडात होती. पुढच्या दातांत दोरी धरायची, मान डावीकडं वळवायची, मग सैल सोडायची. पाळणा हलायचा. मी बघत राहिलो. पोर सहा महिन्यांची असताना ती पडली होती, आणि मान वळायला लागल्यापासून पाळणा तीच हलवत होती.

पण त्या दोरीनंच घात केला होता. वरचे पुढचे दोन दात ओढून ओढून हलायला लागले होते, हिरड्यांत पू धरला होता, ओठ वर चढून नाक बुजलं होतं. अंगात ताप. या जागेची सूज डोळ्याकडं आणि तिथून डोक्यात गेली तर माणूस हातचं जातं. मी बाळूला आणि मावशीला बाजूला घेऊन सांगितलं की हे दोन्ही दात आजच काढायला हवेत.

यमुनानं ऐकलं होतं. ती म्हणाली, काढायचे नाहीत. मी समजावलं, दात ठणकतोय ना? ती म्हणाली, "मानंच्या खाली मला कायबी कळत न्हाई, डाक्तर. दुकतं म्हून तेवडा ह्यो दात हाय. दुकू द्या. पर दोरी कशानं धरू?"

सोनामावशी तिच्याजवळ बसली. म्हणाली, "यमुने, तवर म्या वडीन की दोरी."

"आत्याबाई, तुमी माजं समदंच करताय. भरवताय, धुताय, वळवताय. तिला जोजवायचं तेवडं माज्याकडं ऱ्हाऊ द्या."

मी माझ्या खुर्चीशेजारी उभा राहून हजारो दात काढले, पण दात कशासाठी ठेवायचा याचं असं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं.

मी तिला विचारलं, दाढांनी धरता येईल असं काही करून दिलं तर? आम्ही कवळ्या करायचो त्या व्हल्कनाइट नावाच्या रबराच्या. ते मऊ असताना साच्यात घालायचं आणि वाफेवर शिजवून कडक करायचं. त्याचं एक पट्टीसारखं तोंडात धरायचं साधन करता येईल, दोन्हीकडच्या दाढांत बसेल असं, आणि पुढे दोरी बांधायला कडी. म्हणजे ओढ पुढच्या दातांवर न येता मागच्या दाढांवर वाटली जाईल. तिच्या दाढा अजून भक्कम होत्या.

तिनं विचार केला. "आदी करून आना. मंग काडा."

आता पेच पडला. थांबणं धोक्याचं, आणि तिच्या मर्जीविरुद्ध, चार माणसांनी धरून, जिला स्वतःचा हातही आडवा घालता येत नाही तिचे दात उपटणं मला जमेना. तळेगावच्या माणसानं ते केलं असतं. बाळूही करा म्हणाला असता. मी मधला मार्ग काढला. तिला कुशीवर वळवायला सांगितलं, तोंडाखाली पितळी ठेवली, हिरडीवर छेद देऊन पू वाहू दिला. बाळूला बरगड्यांखाली हात कुठं ठेवायचा ते दाखवलं. ती खोकायला लागली की मी बोटानं खूण करी आणि तो दाबी. थुंकी, रक्त, पू सगळं पितळीत पडलं. छातीत काही गेलं नाही. मग मेणावर दाढांचा ठसा घेतला आणि गंगूबाईंना तिथंच ठेवून परत निघालो.

निघण्यापूर्वी सोनामावशीला तोंड धुवायला शिकवलं. बोटाला स्वच्छ फडकं गुंडाळायचं, मिठाच्या कोमट पाण्यात बुडवायचं, दर जेवणानंतर दोन्ही गालांच्या आतून बोट फिरवायचं, मग दात, मग जीभ, आणि सगळं कुशीवर वळवूनच. पाणी तोंडात ओतायचं नाही. मावशीनं एकदाच बघितलं आणि पुढच्या वेळी माझ्यापेक्षा हलक्या हातानं केलं.

ते पाच दिवस मी नीट जेवलो नाही. पहिली पट्टी शिजताना वाकडी झाली. दुसरी केली. तिच्या कडा घासून घासून इतक्या गुळगुळीत केल्या की कुठल्या शेठाणीच्या कवळीलाही तेवढी मेहनत घेतली नसेल. परत जाताना बैलगाडी पेठेकडे वळली तेव्हा दारात माणसं जमलेली दिसतात का, तेच मी बघत होतो. दारात कुणी नव्हतं. ताप उतरला होता, सूज निम्मी झाली होती.

तिला पट्टी आधी तोंडात घालून बघायची होती. घातली. दोरी बांधली. तिनं मान वळवली आणि पाळणा हलला, पहिल्यापेक्षा मोठ्या झोक्यानं. पट्टी काढून घेतल्यावर ती म्हणाली, "आता काडा." दोन्ही दात पाच मिनिटांत निघाले. ती कुशीवर, बाळूचा हात तिच्या पोटावर. एक थेंबही आत गेला नाही. गंगूबाई खाटेच्या पायगतीला उभ्या राहून माझ्या हातांकडे बघत होत्या. सगळं आवरल्यावर त्यांनी पितळी उचलली आणि धुवायला बाहेर नेली.

पुढे मी वर्षातून दोन-तीनदा पेठेला जात असे. पावसाळ्यात नदी आडवी यायची, तेव्हा जमायचं नाही. चांगुणा पाळण्यातून उतरली, तेव्हा यमुनानं पट्टीला काठी बांधून घेतली आणि वाळवणावरची कोंबडी हाकायला लागली. मग बाळूनं काठीला खडू बांधून दिला. तिला अक्षर येत नव्हतं, पण पाटीवर ती पोरीला रांगोळीचे ठिपके काढून दाखवायची. दर वेळी मी तिचं तोंड तपासायचो. दात दगडी पाट्यासारखे स्वच्छ. माझ्या बंगलेवाल्या गिऱ्हाइकांत असं तोंड मला क्वचितच दिसलं. मी मावशीला तसं म्हणालो की ती हसायची, तोंडाला पदर लावून.

यमुना पडल्यापासून सात वर्षं जगली. मोठे डॉक्टर सांगतात की त्या काळी मानेत मोडलेलं माणूस वर्षभरही निघत नसे. शेवटी एका थंडीत पाठीला जखम झाली, ती चिघळली आणि तापानं गेली. तोंडाचा त्यात काही संबंध नव्हता. मला कळलं तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. मी गेलो.

बाळू शेतावर होता, चांगुणा त्याची न्याहारी घेऊन गेलेली. सोनामावशी एकटीच ओट्यावर बसली होती. खाट उभी करून भिंतीला टेकवलेली. मावशी म्हणाली, शेवटच्या दिवशी यमुनाला पाणीही उतरत नव्हतं, तरी तिनं तोंड पुसून घेतलं. मी दोन शब्द सांत्वनाचे बोललो. तिनं मान हलवली. उठायच्या विचारात मी पिशवी हातात घेतली, तशी ती म्हणाली, "जरा थांबा. आता मला येळ हाय. माजं बगा."

मला आधी कळलंच नाही. मग तिनं पदर बाजूला केला आणि तोंड उघडलं.

डावीकडच्या खालच्या दाढांची नुसती खोडं उरली होती. हिरडीला दोन जागी नासूर पडलेले, जबड्याच्या कडेला हाडापर्यंत गेलेली जुनी जखम. हे काही महिन्या-दोन महिन्यांचं नव्हतं. मी विचारलं, किती दिवस दुखतंय? म्हणाली, यमुना पडली त्या साली सुरू झालं. त्या घरात मी पंधरा वेळा तरी जाऊन बसलो होतो. तिच्या हातचा चहा प्यालो होतो. तिच्या बोटांना काय करायचं ते शिकवलं होतं. तिच्या तोंडात बघायचं मला एकदाही सुचलं नाही.

"मावशी, बोलला का नाहीत?"

"तुमी तिच्यासाटी येत व्हता न्हवं," ती म्हणाली.

मी तिला ओट्यावर उजेडाकडे तोंड करून बसवलं, चुलीवर पाणी उकळायला ठेवलं आणि सुई भरली.